रिमोट कॉलर घेण्याआधी: कुत्र्याला हाकेला यायला शिकवताना

मोकळं मैदान. पट्टा सोडल्याबरोबर कुत्रा सुसाट. तुम्ही हाक मारता, तो मान वळवून बघतो, तुम्ही अजून तिथेच आहात याची खात्री करून घेतो आणि पुन्हा आपल्या उद्योगाला लागतो. पाचव्या हाकेपर्यंत तुमचा आवाज चढलेला असतो. आजूबाजूचे लोक बघत असतात. घरी परतताना डोक्यात एकच विचार घोळतो: याला एकदाची रिमोट कॉलर, म्हणजे बटण दाबलं की गळ्यात झटका देणारा पट्टा, आणावी, नाहीतर पंधरा दिवस ट्रेनरकडेच ठेवून यावं.

मी या दोन्ही गोष्टी करून बसलो आहे, आणि पहिली तर अगदी उलट्या क्रमाने. ज्यांच्या घरी पहिलाच कुत्रा आलाय त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. रिमोट कॉलरने कुत्र्याला नवीन काही शिकवता येत नाही. त्याला जे आधीच येतं ते लांबवर, गडबडीत पक्कं करता येतं, आणि तेही मोजक्या कुत्र्यांच्या बाबतीत. तिथवर पोहोचायला जी मेहनत लागते ती मनापासून केली, तर बहुतेक घरांत कॉलर विकत घ्यायची वेळच येत नाही.

यंत्र नेमकं काय करतं

गळ्यातल्या पट्ट्यावर एक छोटी डबी असते, तो रिसीव्हर. तिच्या आतल्या बाजूला धातूची दोन टोकं असतात, ती कातडीला टेकतात. रिमोट तुमच्या हातात. बटण दाबलं की त्या दोन टोकांमधून क्षणभर विजेचा स्पंद जातो. फिजिओथेरपीत स्नायूंना लावतात त्या यंत्रासारखंच हे, असं विकणारे सांगतात. खालच्या पातळीवर ही तुलना फारशी चुकीची नाही. वरच्या पातळीवर मात्र ते सरळसरळ दुखतं. 'स्टिम', 'टॅप', 'टच' अशी त्याला गोड नावं आहेत. कुत्र्याला नावाशी कर्तव्य नसतं. मानेला काहीतरी झालं, एवढंच त्याला कळतं.

बहुतेक कॉलरमध्ये बीप, कंपन आणि वीज अशा तीन सोयी असतात. विजेत पुन्हा दोन प्रकार: मोमेंटरी म्हणजे बटण कितीही वेळ दाबून ठेवलं तरी एकच झटका, आणि कंटिन्युअस म्हणजे बोट उचलेपर्यंत चालू. पातळ्या कुठे ० ते १००, कुठे ० ते १२७. एका कंपनीच्या २० ची दुसरीच्या २० शी तुलना करू नका, त्याला काही अर्थ नाही.

कंपन म्हणजे सौम्य, असं सगळे धरून चालतात. पण मानेवर अचानक घरघर सुरू झाली की काही कुत्रे विजेच्या हलक्या स्पंदापेक्षा जास्त बिचकतात. कंपनाचा एक उपयोग मात्र मला मनापासून पटतो, तो बहिऱ्या कुत्र्यांसाठी. कंपन झालं की खाऊ, असं आठवडाभर केलं की त्याच्यासाठी कंपन म्हणजे 'माझ्याकडे बघ' अशी हाक होते. तिथे धाक कुठेच येत नाही.

नवख्या माणसाची खरी गफलत पुढे होते. एकच बटण दोन अगदी वेगळी कामं करतं. पहिल्यात हलकी अस्वस्थता सुरू होते, कुत्रा तुमच्याकडे वळतो आणि ती थांबते. इथे सुटका हेच बक्षीस. दुसऱ्यात कुत्रा काहीतरी करतो आणि त्याला कळ बसते. ही शिक्षा. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरने या दोन गोष्टी वेगळ्या मांडल्या त्याला कितीतरी दशकं झाली, पण मैदानात बटण दाबताना आपण यातलं कोणतं करतोय हे दाबणाऱ्याला माहीत नसतं. तुम्हाला ते एका वाक्यात सांगता येत नसेल, तर बटणाला हात लावू नका.

भुंकलं की आपोआप झटका देणारे पट्टे आणि हद्द ओलांडली की झटका देणाऱ्या अदृश्य कुंपणाच्या कॉलर यांचा विचार मी इथे करत नाही. त्यात माणसाच्या नजरेला जागाच नसते. माझं उत्तर सरळ 'नाही' असं आहे.

कायदा आणि अभ्यास

खरेदीच्या आधी तुमच्या भागातला कायदा बघा. जर्मनीत २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने अशा कॉलरच्या वापराला मनाई करणारा निकाल दिला. वेल्समध्ये २०१० पासून बंदी आहे. इतरही काही देशांत बंदी आहे, काही ठिकाणी काहीच नियम नाहीत. ऑनलाइन विकत मिळते म्हणजे वापरायला परवानगी आहे असं नाही.

आता अभ्यास. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी हाकेला न येणाऱ्या, गुराढोरांच्या मागे धावणाऱ्या ६३ कुत्र्यांचे तीन गट केले. त्यातल्या एका गटाला अनुभवी ट्रेनरनी कॉलर वापरून शिकवलं, बाकीच्या दोन गटांना कॉलरशिवाय. २०१४ आणि २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षांत बक्षिसावर शिकलेले कुत्रे कुठेच मागे नव्हते. उलट पहिल्या हाकेला ते जास्त वेळा आले. कॉलरच्या गटात ताणाची लक्षणं अधिक दिसली. उलट बाजूही सांगायला हवी. अमेरिकेत २०२४ मध्ये १९ कुत्र्यांवर झालेल्या एका अभ्यासात पळत्या आमिषामागे धावणं थांबवायला कॉलर खाऊपेक्षा लवकर उपयोगी पडली. झटका बसताना कुत्रे कळवळले, हेही त्यात नोंदलेलं आहे. अभ्यास छोटा, आणि शिकवायची गोष्ट एकच. पण कॉलरने काहीच होत नाही असं म्हणणं खोटेपणाचं ठरेल. होतं. त्यासाठी किती किंमत मोजायची आणि मोजायला हवी का, हा खरा मुद्दा. वर्तनाचं काम करणाऱ्या पशुवैद्यांच्या अमेरिकेतल्या संघटनेने २०२१ च्या निवेदनात बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीच वापराव्यात असं स्पष्ट सांगितलं आहे.

पायरी पहिली: पशुवैद्य

कान दुखत असेल तर कुत्रा हाक ऐकत नाही. कमरेचा सांधा दुखत असेल तर 'बस' म्हटल्यावर बसत नाही. म्हातारपणी ऐकू कमी येतं आणि आपण म्हणतो, हट्टी झालाय. त्यामुळे आधी एकदा नीट तपासून घ्या, विशेषतः वागण्यातला बदल अचानक झाला असेल तर.

याच भेटीत पुढचा निर्णयही घेऊन टाका. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू, गाभण कुत्री, आजारी किंवा म्हातारा कुत्रा, मुळातच भित्रा स्वभाव, एकटं राहिल्यावर कासावीस होणारा, माणसांवर किंवा इतर कुत्र्यांवर धावून जाणारा: यांच्यासाठी रिमोट कॉलर नाही. शेवटच्या प्रकाराबद्दल लोक हटकून वाद घालतात. 'चावतो म्हणूनच तर कॉलर हवी ना?' असं बघा, समोरून दुसरा कुत्रा येतोय, तुमचा गुरगुरतो, तुम्ही बटण दाबता. आपण गुरगुरलो म्हणून कळ आली, असा हिशेब तो करेलच असं नाही. दुसरा कुत्रा दिसला की मान दुखते, असाही हिशेब होऊ शकतो. मग पुढच्या वेळी तो गुरगुरण्याची पायरीच वगळतो आणि थेट चावतो. गुरगुरणं हा इशारा असतो, तो दाबून टाकण्यात कुणाचंच भलं नाही.

पायरी दुसरी: सहा आठवड्यांचा पाया

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि लोक नेमका हाच घाईत उरकतात.

पहिली गोष्ट म्हणजे शब्द. 'ये' हा शब्द तुम्ही हजार वेळा ओरडून झिजवला असेल तर तो सोडून द्या. नवीन शब्द घ्या, नाहीतर शिट्टी. शिट्टीचा एक फायदा असा की तिला राग येत नाही. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द, एकाच सुरात वापरायचा.

पहिल्या आठवड्यात कुत्र्याकडून काहीच मागायचं नाही. तो समोर उभा आहे, तुम्ही शब्द उच्चारता आणि लगेच, सेकंदाच्या आत, खाऊ देता. शब्द, खाऊ. शब्द, खाऊ. एका वेळी पाच-सात वेळा, दिवसातून तीनदा. तुकडा वाटाण्याएवढा, पण त्याला जीव टाकावासा वाटेल असा. रोजच्या जेवणातले कोरडे दाणे इथे चालत नाहीत. पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांना घंटा ऐकून लाळ सुटायची, ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते.  आपल्याला हवंय ते तेच: शब्द कानावर पडला की विचार करण्याआधी मान वळली पाहिजे.

दुसऱ्या आठवड्यात घरातल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बोलवा. घरातल्या दोघांनी आळीपाळीने हाक मारायची, कुत्रा मधल्या मधे पळत राहतो आणि त्याला हा खेळच वाटतो. याच आठवड्यात आणखी एक गोष्ट शिकवा, जी जवळजवळ कुणी शिकवत नाही. तो आला की आधी त्याच्या पट्ट्याला हात लावा, मग खाऊ द्या. मैदानात हातभर अंतरावर येऊन निसटणारे कुत्रे तुम्ही पाहिले असतील. त्यांना बोलावलेलं कळतं. पट्ट्याकडे येणारा हात म्हणजे खेळ संपला, हेही त्यांना कळलेलं असतं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बाहेर, आणि दहा मीटरच्या लांब दोरीवर. दोरी गळ्यातल्या पट्ट्याला बांधू नका, हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, बांधा, कारण सुसाट धावलेल्या कुत्र्याला दोरीच्या टोकाशी मानेवर हिसका बसला तर इजा होते. तुम्ही हातमोजे घाला. दोरी मनगटाभोवती गुंडाळू नका. माझ्या ओळखीतल्या एकाने गुंडाळली आणि तीन आठवडे प्लास्टरमध्ये काढले.

इथला नियम असा: तो येईल यावर पैज लावायची तयारी असेल तेव्हाच हाक मारा. खारीच्या मागे लागलेल्या कुत्र्याला चौथ्या आठवड्यात बोलावणं म्हणजे शब्द वाया घालवणं. आलाच नाही, तर दुसऱ्यांदा हाक मारू नका. पाठ फिरवून उलट दिशेला चालू लागा, चुटक्या वाजवा, दोरी हळूहळू हातात घेत अंतर कमी करा. जवळ आला की खाऊ द्याच, उशिरा आला तरी.

आणि आल्यावर पुन्हा सोडा. दहा वेळा बोलावलंत तर नऊ वेळा 'जा' म्हणून परत हुंदडू द्या. हाकेला येणं म्हणजे खेळ बंद, असं गणित कुत्र्याच्या डोक्यात बसलं की मग जगातली कुठलीही कॉलर पुरत नाही. ज्या शब्दाने बोलावता त्याच शब्दाने आंघोळीला, नखं कापायला, औषध पाजायला कधीही बोलावू नका. त्या कामांसाठी स्वतः उठून जा. आणि पळून गेलेला कुत्रा अर्ध्या तासाने परत आला तर मनात कितीही आलं तरी ओरडू नका. तुमच्या दृष्टीने ती पळून जाण्याची शिक्षा असेल, त्याच्या दृष्टीने परत येण्याची असते.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात अडथळे वाढवा: लांबवर दुसरा कुत्रा, चेंडू खेळणारी मुलं, जमिनीवरचा वास. अडथळा वाढवला की तुमच्यातलं आणि कुत्र्यातलं अंतर कमी करायचं. दोन्ही एकदम वाढवायचं नाही. सत्र तीन ते पाच मिनिटांचं. तो कंटाळायच्या आधी तुम्ही थांबा.

मग परीक्षा. तीन वेगवेगळ्या जागी, लांब दोरीवर, प्रत्येक ठिकाणी दिवसभरात दहा हाका. त्यातल्या नऊ वेळा तो पहिल्याच हाकेला आला पाहिजे. एका जागी सहाच जमल्या, तर त्या जागी अजून दोन आठवडे. पास झाल्याशिवाय दोरीही सुटत नाही आणि कॉलरचा विचारही नाही.

पायरी तिसरी: ट्रेनर आणि त्यांचे कार्यक्रम

बहुतेक देशांत 'डॉग ट्रेनर' म्हणवून घ्यायला कोणताही परवाना लागत नाही. उद्या तुम्ही पाटी लावू शकता, मीही लावू शकतो. काही स्वतंत्र संस्था परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात. ते असलेलं बरं, पण एवढ्याने काम भागत नाही.

गटाचा वर्ग स्वस्त पडतो आणि इतर कुत्र्यांच्या गर्दीत शिकायची सवय लागते. पण तुमचा कुत्रा त्या गर्दीलाच घाबरत असेल तर तिथे तो काहीच शिकणार नाही. एकट्याची शिकवणी महाग, पण ट्रेनर तुमच्या घरी, तुमच्या फाटकापाशी, तुमच्या खऱ्या अडचणीवर काम करतो. नवख्या माणसाने अशा तीन-चार शिकवण्या घ्याव्यात आणि मधल्या दिवसांत स्वतः सराव करावा, असं मी सुचवेन.

कुत्रा दोन-चार आठवडे ट्रेनरकडे ठेवायचा, म्हणजे बोर्ड अँड ट्रेन, ही सगळ्यात मोहात पाडणारी पद्धत. घाण्याला जुंपावं दुसऱ्यानं आणि तेल मिळावं आपल्याला! अडचण अशी की कुत्रा शिकतो ते त्या माणसाकडून, त्या जागेत, त्या वेळापत्रकात. घरी आल्यावर तुमच्या हातात तेच जुने सूर आणि तीच जुनी ढिलाई असते, आणि दोन आठवड्यांत गाडी मूळ रुळावर. अशा कार्यक्रमात परत देताना किमान तीन-चार वेळा तुम्हाला शिकवायची व्यवस्था नसेल, तर पैसे टाकू नका. मधेच न सांगता भेटायला येता येईल का, हेही विचारा. नाही म्हणाले तर तिथेच उठा.

ट्रेनरला तीन प्रश्न विचारायचे. कुत्र्याने बरोबर केलं की तुम्ही नेमकं काय करता? चुकीचं केलं की नेमकं काय करता? आणि त्यापेक्षा सौम्य असा दुसरा कुठला मार्ग आहे का? 'आम्ही ऊर्जेवर काम करतो', 'समतोल साधतो' अशी धुकट उत्तरं आली तर पुन्हा विचारा: म्हणजे हाताने काय करता? कॉलर वापरतात का, कोणत्या आठवड्यापासून, कोणत्या पातळीवर, तेही विचारा. येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात पहिल्याच दिवशी कॉलर अडकवणारा माणूस कुत्रा बघतच नाही, फक्त गळा बघतो.

शंभर टक्के गॅरंटी देणाऱ्यापासून लांब राहा. 'तुम्ही अल्फा, म्हणजे कळपाचे म्होरके, बनायला हवं' म्हणणाऱ्यापासूनही. ही अल्फाची कल्पना बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. रुडॉल्फ शेंकेलचं ते काम १९४७ चं. पुढे डेव्हिड मेक यांनी जंगलातल्या लांडग्यांचा अभ्यास करून १९९९ मध्ये दाखवलं की तिथला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. ज्या पायावर ही इमारत उभी केली तो पायाच असा डळमळीत.

एक वर्ग नुसता बसून बघा, आणि माणसाकडे नाही, कुत्र्यांकडे बघा. शेपट्या कुठे आहेत? कुणी सारखं ओठ चाटतंय, वेळ नसताना जांभया देतंय, कान मागे टाकून एक पाय उचलून उभं आहे? हे ताणाचे खुणेचे शब्द आहेत. अगदी गप्प, हलत-डुलत नसलेला कुत्रा बघून लोक म्हणतात, किती शहाणा! सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये दाखवलं की ज्या कुत्र्यांना झटक्यातून सुटायचा मार्गच मिळत नाही, ते पुढे मार्ग मिळाला तरी प्रयत्न सोडून देतात. बाहेरून ते शहाणपणासारखंच दिसतं.

पायरी चौथी: तरीही कॉलर वापरायचीच असेल तर

पाया पक्का, पशुवैद्याची हरकत नाही, कायदा परवानगी देतो, आणि कुत्रा शिकारी स्वभावाचा, मोकळ्या रानात फिरणारा. अशा वेळी एखाद्या अनुभवी ट्रेनरसमोरच सुरुवात करा.

१. पहिले आठ-दहा दिवस कॉलर बंद. फिरायला निघताना घाला, आल्यावर काढा. कधी जेवताना घाला, कधी नुसती दहा मिनिटं. तसं केलं नाही तर कुत्रा 'कॉलर असली तरच शहाणा' होतो. बसवायची मानेच्या वरच्या भागात, कानांच्या खाली, टोकं कंठनळीवर न येता एका बाजूला. घट्टपणा असा की पट्ट्याखाली एक बोट कसंबसं जावं. सैल कॉलर घट्ट कॉलरपेक्षा धोक्याची, कारण टोकं कधी टेकतात, कधी नाही. काही होत नाही म्हणून तुम्ही पातळी वाढवत जाता आणि अचानक टेकली की सगळंच एकदम बसतं. केसाळ कुत्र्यासाठी लांब टोकं मिळतात. फिरायचा पट्टा या कॉलरला कधीही अडकवू नका. दिवसात आठ तासांच्या वर ठेवू नका, दर एक-दोन तासांनी जागा थोडी सरकवा, आणि रोज रात्री केस बाजूला करून कातडी बघा. तिथे होणाऱ्या जखमा बहुतेक भाजण्याच्या नसतात, सततच्या दाबाने झालेल्या असतात, आणि भरायला फार वेळ घेतात. लाल दिसली की कॉलर बंद.

२. आधी स्वतःच्या हातावर. मनगटाच्या आतल्या बाजूला टोकं टेकवून शून्यापासून वर जा. जो जो रिमोट धरणार आहे त्या प्रत्येकाने हे करायचं. लहान मुलांच्या हातात रिमोट द्यायचा नाही, गमतीतसुद्धा नाही.

३. मग कुत्र्याची पातळी. ओळखीची शांत जागा, कुत्रा जागा पण निवांत. मोमेंटरीवर, शून्यापासून एकेक अंक, मधे काही सेकंद थांबत. कान किंचित हलला, पापणी लवली, माशी बसल्यासारखं मानेकडे वळून बघितलं, की थांबा. हीच पातळी. ओरडला, मान झटकली, शेपूट पायात घातली, जागच्या जागी थिजला, तर तुम्ही कधीच पुढे गेलात, खाली या. अनेक कुत्र्यांची ही पातळी इतकी कमी निघते की रिमोटवर एवढे आकडे दिलेत कशाला, असा प्रश्न पडतो.

४. आता जोडणी, लांब दोरीवरच. त्याला पक्का येणारा शब्द म्हणा, त्याच क्षणी त्या हलक्या पातळीवर बटण, आता कंटिन्युअसवर, आणि दोरीचा हळूच इशारा. तो तुमच्याकडे वळला की बोट लगेच वर. तो पोहोचेपर्यंत थांबायचं नाही, वळल्या क्षणी. मग खाऊ आणि कौतुक. दहा वेळा झालं की संपलं. पाचेक दिवसांनी क्रम बदला: आधी नुसता शब्द, दोन सेकंद वाट बघा, तो वळला तर बटणच नाही.

५. जागा आणि अडथळे पायाच्या वेळी वाढवले तसेच हळूहळू वाढवा. कुत्रा उत्तेजित असताना पातळी किंचित वर न्यावी लागते. ओल्या अंगावर संपर्क बदलतो, तेव्हा पोहून आल्यावर पुन्हा शून्यापासून तपासा. एकाच फेरीत दोनदा पातळी वाढवावी लागली, तर जागा चुकीची निवडली आहे. दोरी हातात घ्या आणि घरी जा.

कुत्रा दिसत नसताना बटण दाबायचं नाही. राग आलेला असताना दाबायचं नाही. यातलं पहिलं मी पाळलं नाही. आमचा खंड्या मांजरामागे झुडपाआड गेला आणि मी बटण दाबलं, तेही नेहमीपेक्षा बऱ्याच वरच्या पातळीवर. झुडपापलीकडून त्याच क्षणी एक मुलगा सायकलवरून जात होता, हे मला नंतर कळलं. खंड्या शेपूट घालून परत आला आणि मला वाटलं, जमलं! दुसऱ्या दिवसापासून सायकल दिसली की तो थरथरायला लागला. मांजरांचं वेड जसंच्या तसं होतं. सायकलींची भीती घालवायला चार महिने लागले: लांबवर सायकल, खाऊ, थोडी जवळ सायकल, खाऊ.

जर्मनीत बीगल कुत्र्यांवर झालेल्या २००७ च्या एका अभ्यासात नेमकं हेच दिसलं होतं, फक्त मी ते नंतर वाचलं. सावजाला तोंड लावल्या क्षणीच ज्यांना झटका बसला त्यांचा ताण फारसा वाढला नाही. ज्यांना केव्हाही, कशाशीही संबंध नसताना बसला त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, सगळ्यात जास्त वाढलं. हाकेला न आल्याबद्दल ज्यांना बसला, त्यांचंही बरंच वाढलं. झटका कशामुळे आला हे कुत्र्याला कळलं नाही, तर त्याच्यासाठी तो केव्हाही येणारा झटकाच असतो. म्हणून चौथ्या पायरीवर बोट उचलण्याच्या क्षणाबद्दल मी एवढा हटून बसलो आहे.

कॉलर उतरवायची योजना ती घालायच्या दिवशीच करा. चार-सहा आठवड्यांत आठवड्याला किती वेळा बटण दाबलं याचा आकडा खाली जायला हवा. वहीत लिहून ठेवा, आठवणीवर विसंबू नका. आकडा खाली जात असेल तर आधी ओळखीच्या जागी कॉलर काढून लांब दोरीवर फिरवा, मग नवीन जागी. आकडा तसाच राहिला किंवा वर गेला, कुत्रा कॉलर बघून लपायला लागला, तुमच्या पायाशी चिकटून चालायला लागला, खाऊ नाकारायला लागला, किंवा हाक ऐकून आधी अंग चोरायला लागला, तर त्याच दिवशी कॉलर कपाटात ठेवा, आठवडाभर कुठलाही सराव घेऊ नका आणि मग घरातल्या खोलीत पहिल्या आठवड्यापासून सुरू करा: शब्द, खाऊ. यावेळी शब्द नवा घ्या.